नितळ दिसलेलं पाणी

१२ जून

बारक्या,

'प्रिय' लिहायला आज हात उचलत नाही. फोनवर बोलायची सोय तू ठेवलेली नाहीस. मी चिडून फोन लावते, तू पहिल्याच वाक्याला मला हसवतोस आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की बोलायचं ते राहूनच गेलं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तू मोठ्या हौसेनं पाठवलेलं कंपनीचं पत्रक मिळालं. टाय लावलेला तुझा फोटो, त्याखाली 'जलतज्ज्ञ', आणि हातात तपकिरी गाळानं भरलेला ग्लास. वर ठळक अक्षरांत, 'तुमच्या नळातून रोज हे येतं.' शेजारच्या टेबलावर तुमच्या फिल्टरच्या पाण्याचा दुसरा ग्लास, आरशासारखा स्वच्छ. दोन्ही ग्लासांत सळया सोडलेल्या आणि वायर भिंतीतल्या प्लगला.

मी ते पत्रक घेऊन तडक विज्ञान केंद्रात गेले आणि मुलं यायच्या आत करून पाहिलं. नळाचं पाणी, दोन लोखंडी खिळे, बॅटरी. थोड्याच वेळात पाणी गढूळ, मग तपकिरी, वर फेस. मग आपल्या केंद्रातल्या फिल्टरचं पाणी घेतलं. काही झालं नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकलं. तेही तपकिरी झालं. तेच मीठ जे आपण रोज खातो.

तुला हे मी सांगायला नको, तरी सांगते, म्हणजे 'ताई, मला माहीत नव्हतं' म्हणायची पळवाट राहणार नाही. नळाच्या पाण्यात क्षार असतात. क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो गाळ पाण्यातला नाही, तुझ्या सळईचा आहे. तुमचा फिल्टर क्षार काढून घेतो, म्हणून तिथे वीज वाहत नाही आणि पाणी तसंच राहतं. आजाराचे जंतू आहेत की नाहीत, याच्याशी या खेळाचा काडीचा संबंध नाही.

तू इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून पाण्याचे खेळ केलेस. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा करायचास, मुलं श्वास रोखून बघायची, आणि मग तूच त्यांना विचारायचास की पुठ्ठ्याला खालून कोण धरून आहे. हवा, हे त्यांच्याच तोंडून येईपर्यंत तू थांबायचास. पाण्यावर सुई तरंगवायचास आणि साबणाचा एक थेंब सोडून ती बुडवून दाखवायचास, म्हणजे पाण्याला ताणलेली साय असते आणि साबण ती सैल करतो हे कुणी विसरायचं नाही. प्रत्येक मुलाला घरी जाऊन तो खेळ स्वतः करता आला पाहिजे, हा हट्ट तुझा होता. माझा नव्हे.

आता अर्धाच खेळ करतोस. पाणी काळं करून दाखवतोस आणि का झालं ते गिळून टाकतोस. याला खेळ म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. ती बंद कर.

ताई


२० जून

ती. ताईस, बारक्याचा कंबर मोडेपर्यंत वाकून नमस्कार.

पत्र वाचून आधी वाटलं की शाळेतून घरी चिठ्ठी आली आहे. दोनदा वाचलं. तुझं अक्षर रागात जास्त सुंदर येतं, हे तुला कुणी सांगितलंय का?

आता माझं ऐक. मी कुणालाही 'हे विष आहे' म्हणत नाही. मी ग्लासात सळया सोडतो आणि गप्प उभा राहतो. लोकच एकमेकांकडे बघतात, लोकच म्हणतात की अरे देवा, हे आपण पीत होतो. मी फक्त ग्लास हातात देतो. तूही पेला उलटा केल्यावर मुलांना घाबरू द्यायचीस, मग त्यात वाईट काय होतं? आणि फिल्टर काही खोटा नाही, चांगलाच आहे. लोकांना चांगल्या गोष्टीकडे ढकलायला थोडा धक्का द्यावा लागतो. तुझ्याकडे मुलं शाळेच्या बसमधून आणून बसवलेली असतात. माझ्याकडे लोक दाराची कडी न काढता 'नको' म्हणतात. एकदा माझ्यासारखं दारोदार फिरून बघ.

असो. एक गंमत सांगतो, म्हणजे तुझा राग उतरेल. मेच्या शेवटी मावशीनं तिच्या शिवणाच्या कारखान्यात माझा कार्यक्रम ठेवला. सगळ्या जणी मशीन थांबवून गोळा झाल्या. मावशी तर अशी मिरवत होती की जणू माझं लग्नच आहे. नळाचं पाणी काळं झालं तेव्हा काजं करणारी एक मुलगी, तिला दिवस गेलेत, तोंडाला पदर लावून बाहेरच गेली. मालकीणबाई फिल्टर घेणार असं दिसत होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की मागच्या टाकीतलंही तपासा. तिथे पावसाचं पाणी वर्षभर साठवून ठेवतात, वाफेच्या इस्त्रीत घालायला, कारण त्यानं इस्त्रीत पांढरा थर धरत नाही. मी सळया सोडल्या. काही नाही. नितळ. माझ्या फिल्टरच्या पाण्याहून नितळ.

मालकीणबाई हसून म्हणाल्या, आमच्याकडे आधीच आहे की. फिल्टर राहिला बाजूला, त्यांनी प्यायच्या पिंपाची नळी टाकीला जोडून घेतली. माझ्या खेळानं माझाच धंदा बुडवला. मावशी अजून त्या पाण्याचं कौतुक सांगते, फार हलकं लागतं म्हणे. हस की आता.

तुझा,
बारक्या


२७ जून

बारक्या,

हसले नाही.

ती टाकी कुठे आहे? तिला झाकण आहे का? शेवटची कधी धुतली? यातलं एक तरी विचारलंस का तू? पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून तुझ्या सळया तिथे गप्प राहिल्या. इस्त्रीत थर धरत नाही त्याचंही कारण तेच. याचा अर्थ एवढाच, की त्या पाण्यात मीठ नाही. त्यात मेलेला उंदीर पडला असता तरी ग्लास नितळच दिसला असता. नळाच्या पाण्यात निदान औषध टाकतात. या बायका इतकी वर्षं धडधाकट राहिल्या त्या नळाच्या पाण्यावर, आणि तू त्यांना ते सोडायला लावून इस्त्रीच्या पाण्यावर आणून बसवलंस.

मी काल मावशीला फोन केला. सगळं समजावून सांगितलं, खिळे, बॅटरी, मीठ. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू तिकडे लांब बसून सांगतेस, त्यानं माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवलंय." मी म्हटलं की निदान उकळून पी. तर म्हणते की एवढं चांगलं पाणी उकळून कशाला मारायचं. मालकीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की तुमच्या भावाकडून लेखी आणा.

म्हणजे माझं बोलणं तिथे कवडीमोलाचं आहे. त्यांचा विश्वास त्या ग्लासावर आहे आणि ग्लास तुझा आहे. तेव्हा हे तुलाच निस्तरावं लागेल. उद्या जा. टाकी उघडून बघ. सगळ्यांसमोर मीठ टाकून दाखव. दारोदार फिरून किती त्रास होतो ते मला नंतर सांग, मी सगळं ऐकून घेईन. आधी जा.

ताई


९ जुलै

ताई,

कामात होतो, म्हणून उशीर. कंपनीनं मला नव्या पोरांना शिकवायचं काम दिलंय. हा खेळ कसा करायचा, कुठे थांबायचं, ग्लास कुणाच्या हातात द्यायचा, हे सगळं. आता तूच सांग, सकाळी मी पोरांना हे शिकवायचं आणि दुपारी मावशीच्या कारखान्यात जाऊन म्हणायचं की हे थोतांड आहे? त्या पोरांतल्या एकाची बहीण तिथेच काम करते. संध्याकाळपर्यंत मी घरी बसलेला असेन.

मावशीला मी सांगितलंय की वाटलं तर उकळून घेत जा. ती बरं म्हणाली. तिच्या अंगात जरा कसर आहे, जेवण जात नाही, पण हवाच तशी आहे. कारखान्यात आणखी दोघी-तिघी तशाच आहेत.

आणि खरं सांगू, तुला टाकीचं पडलेलं नाही. मी तुझं केंद्र सोडून गेलो ते तुला अजून टोचतंय. तुझ्या शेजारी उभा होतो तोवर मी हुशार, आणि माझ्या पायावर उभा राहिलो की लबाड. सगळ्यांसमोर मला खोटा पाडायचं आहे तुला, तेही माझ्याच तोंडानं. मला ते जमणार नाही. यावर आता पुन्हा लिहू नकोस.

बारक्या


२६ जुलै

ताई,

तू उद्याच्या गाडीनं येते आहेस असं मावशीच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितलं. तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही. हे पत्र दवाखान्यात मावशीच्या उशाशी ठेवून जातोय. मावशीला कावीळ आहे, डोळे हळदीसारखे झालेत. डॉक्टर म्हणतात की ती उठेल, वेळ लागेल. कारखान्यातल्या आणखी बऱ्याच जणी वेगवेगळ्या वॉर्डांत आहेत. काजं करणारी मुलगी बेशुद्ध आहे. तिचं मूल राहिलं नाही. दिवस गेलेल्या बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पहिल्याच दिवशी मावशीला विचारलं होतं की पाणी कुठलं पिता. मावशीनं काय सांगितलं माहीत आहे? "पाण्याचा प्रश्न नाही डॉक्टर, आमचं पाणी तपासलेलं आहे. माझ्या भाच्यानंच तपासलंय." मी बाजूला उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी तेव्हाही बोललो नाही. हे तुला कुणी सांगितलं नसतं, म्हणून मी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मावशीसाठी कारखान्यातल्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या. त्याच टाकीतलं पाणी. दवाखान्याचं नळाचं पाणी तिला बाधू नये म्हणून. एकीनं माझ्या देखत ते मावशीच्या तोंडाला लावलं. तेव्हा त्याच वॉर्डात असलेल्या त्या काजेवाल्या मुलीच्या उशाशीही तसलीच बाटली होती. मी दोन्ही बाटल्या उचलल्या आणि मोरीत ओतल्या. मी काही न सांगता तिथून निघालो आणि थेट कारखान्याच्या मागच्या आवारात गेलो.

टाकी प्लॅस्टिकची आहे, अर्धी जमिनीत पुरलेली. झाकणाला तडा गेलेला. बरोबर वरून, पहिल्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप जातो. त्याचा सांधा पाझरतोय. थेंब झाकणावर पडतो, तड्यापर्यंत ओघळतो आणि आत जातो. मी झाकण उचललं. आतलं पाणी नितळ होतं, ताई. तळ दिसत होता.

काल दुपारी मी माझी पेटी घेऊन तिथे गेलो. ज्या कामावर होत्या त्या सगळ्या जणी आल्या. मालकीणबाई म्हणाल्या की बरं झालं आलात, नळाचं जुनं विष आता अंगातून बाहेर पडतंय असं सगळ्यांना वाटतंय. मी टाकीचं पाणी घेतलं, सळया सोडल्या. नितळ. मग चिमूटभर मीठ टाकलं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते तपकिरी झालं. आमच्या फिल्टरच्या पाण्यातही टाकलं, तेही झालं. सळई बाहेर काढून पुसली आणि कशी झिजलीये ते हातात दिलं. तू लिहिलं होतंस तेच शब्दाला शब्द सांगितलं. पाइपचं सांगितलं.

कुणाचा विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या की मिठानं पाणी नासलं असेल. एक जण म्हणाली की कंपनीनं पाठवलं असेल, टाकी बंद केली की फिल्टर खपतील म्हणून. मी इतका चांगला शिकवला होता त्यांना तो खेळ, की आता मलाच मोडता येईना.

तेवढ्यात त्या काजेवाल्या मुलीची सासू पुढे आली. तीही तिथेच इस्त्री करते. तिनं पिंपाचा नळ सोडला, पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. म्हणाली, "प्या."

मी पेल्याकडे बघत राहिलो. तुला वाटेल की मी पटकन नाही म्हणालो असेन. तसं नाही. सवयीनं काहीतरी चटकदार बोलावं असं मनात आलं. पण हात पुढे गेला नाही. मी मान हलवली.

तिनं पेला तसाच धरून ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, "हे त्या दिवशीच ठाऊक होतं तुम्हाला?"

मी म्हणालो की पाइपचं नव्हतं ठाऊक. पण खेळ खोटा आहे हे ठाऊक होतं. आणि माझ्या बहिणीनं जूनमध्येच सगळं लिहून सावध केलं होतं.

तिनं पेल्यातलं पाणी माझ्या तोंडावर फेकलं, आत गेली आणि पिंप लाथेनं आडवं केलं. मग बाकीच्या उठल्या. माझ्या मिठाच्या खेळानं जे पटलं नाही ते मी न प्यालेल्या पेल्यानं पटलं. कुणीतरी टाकीची नळी उपटून काढली. माझी पेटी त्यांनी अंगणात फेकली. मी ती उचलायला वाकलो नाही.

नोकरीवर आज सकाळी जाऊन सांगितलं. त्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं. शिकायला आलेली पोरं बाहेर उभी होती. त्यांनाही सांगितलं. दोघं हसले, एक मात्र माझ्या मागून रस्त्यापर्यंत आला आणि सळई कशी झिजते ते पुन्हा विचारून गेला.

मला तुझ्याकडे केंद्रात परत घेशील का? झाडू मारीन. पुन्हा कधी लोकांसमोर उभा राहणार नाही.

बारक्या


३० ऑगस्ट

बारक्या,

मी आल्याचं आणि गेल्याचं तुला कळलं असेल. दवाखान्याच्या जिन्यात तू मला पाहून मागे फिरलास, तेही मी पाहिलं. हाक मारली नाही. मारली असती तर तिथे जे बोलले असते ते साऱ्या दवाखान्यानं ऐकलं असतं.

तुझं पत्र वाचलं. खरं लिहिलंस, एवढं मान्य करते. पण खरं लिहिलं म्हणून मी शांत झाले असं समजू नकोस. माझा राग उलट वाढला. नऊ जुलैच्या पत्रात तू लिहिलंयस की आणखी दोघी-तिघींना जेवण जात नाही. तेव्हा तू गेला असतास तर त्या मुलीचं मूल वाचलं असतंच असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनाही ते सांगता येत नाही. पण तू गेला नाहीस. तू मला लिहीत बसलास की ताईला टोचतंय. मला टोचतच होतं, मूर्खा. तू माझ्याजवळून गेलास याचं दुःख मला होतंच. म्हणून काय टाकीतलं पाणी चांगलं झालं?

केंद्रात मी तुला घेणार नाही. झाडू मारायलाही नाही. इथे येऊन माझ्या पदराआड बसलास की तुझं सगळं सोपं होईल आणि ते मला होऊ द्यायचं नाही. तू त्या शहरातल्या किती घरांत तो ग्लास दाखवलास, ते तुलाच ठाऊक. त्यांतल्या काहींनी फिल्टर घेतला असेल, त्यांचं फारसं बिघडलं नाही. ज्यांना परवडला नाही ते आता कुठलं पाणी पीत आहेत? विहिरीचं? ओढ्याचं? शेजारच्या टाकीचं? जा आणि विचार. दाराची कडी काढत नाहीत म्हणालास ना, मग बाहेरून सांग.

आणि लोकांसमोर उभा राहणार नाही, ही शपथही मला नको. तुझ्याइतकं चांगलं समजावून सांगणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. मुलं माझं ऐकतात, पण तुझ्याकडे बघतात. मला संताप येतो तो त्याचाच. ठोंब्यानं हे केलं असतं तर कुणी फसलंच नसतं.

मावशी घरी आली आहे. अशक्त आहे, भिंतीला धरून चालते. माझ्याशी तुझ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तुझा शाळेतला फोटो भिंतीवर होता तो तिनं काढून ठेवलाय. फाडला नाही, मी कपाटात पाहिला. कारखान्यातल्या बायकांच्या समोर जायला तिला आता लाज वाटते. ही लाज तिची नव्हे, तरी ती वाहते आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या काजेवाल्या मुलीकडे गेले. ती शुद्धीवर आल्यापासून फार थोडं बोलते, असं सासू म्हणाली. मी तुझी बहीण आहे हे सांगितलं. वाटलं, बाहेर काढतील. सासूनं बसायला खुर्ची दिली, पण पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

मुलगी हाताच्या नखांकडे बघत होती. मग तिनं विचारलं की तुम्हा बहीणभावांत इतकी पत्रं गेली, तेवढ्यात एक माणूस आमच्याकडे का नाही आला? तिचा आवाज चढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मीही पत्रंच लिहीत बसले होते, बारक्या. गाडीत बसायला मला मावशी खाटेला खिळावी लागली. माझ्यापुरतं उत्तर मी तिला दिलं. ते चांगलं उत्तर नव्हतं, तिनं ऐकून घेतलं.

तुझ्यापुरतं मी दिलेलं नाही. ते तुझं तू द्यायचं आहे. ती आता घरीच असते, आणि सासू संध्याकाळी कामावरून येते. दोघी असतील तेव्हा जा. दार उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी जा. मीठ, ग्लास, सळया काही नेऊ नकोस. तिला काही करून दाखवायचं नाहीये.

ताई